खलबत्त्याचा कौल

मलाक्क्यात नदीकाठच्या गल्लीत कोह बून लियाटचं दुकान होतं. तिथं अमुक एक मिळत नाही असं कुणी म्हटलं, की तो त्या माणसाच्या मनगटाला धरून त्याला आत न्यायचा. डब्यातलं लोणी, बिस्किटं, साबणाच्या हातभर लांब वड्या, दिवे, दिव्यांच्या काचा, उंदरांचे सापळे, लोखंडी पलंग, शिवणयंत्रं, कॉफी दळायच्या चक्क्या, सगळं होतं. एकदा तर त्यानं सिंगापूरच्या लिलावातून बर्फावर घसरायचे पोलादी जोडे आणले होते. मलाक्क्यात बर्फ म्हणजे काय, हे सांगण्यात त्याचे दोन महिने गेले. शेवटी एका पाद्र्यानं दाराला अडसर म्हणून ते नेले.

खरं सांगायचं तर बून लियाटला दुकानदारी कळायची, पण दांडा दिसला की कळेनासं व्हायचं. ज्या वस्तूला फिरवायचा दांडा आहे, तिच्यावर त्याचा जीव जडायचा. त्या वर्षी राणीच्या राज्याची पन्नाशी झाली म्हणून गावभर पताका लागल्या होत्या, आणि त्या गडबडीत यानं वाटण करायच्या यंत्रांचं अख्खं खोकं घेऊन ठेवलं. वरून मिरच्या-कांदे टाका, दांडा फिरवा, पुढून मऊसूत वाटण. घाम नाही, डोळ्यांत तिखट नाही, आवाज तर नाहीच.

घोडं अडलं ते इथंच. गल्लीतल्या बायका यायच्या, यंत्राभोवती फिरायच्या, वाटणाला बोट लावून चाखायच्या आणि विचारायच्या, "आवाज कुठाय याचा?"

"नाहीच मुळी!" बून लियाट अभिमानानं सांगायचा. "तीच तर गंमत आहे, बीबिक."

मग त्या तमाम बीबिक, म्हणजे गल्लीतल्या घरंदाज वडीलधाऱ्या बायका, त्याच्याकडे अशा बघायच्या, की जणू बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. कारण मलाक्क्याच्या आमच्या घरांत लग्नाची मुलगी दाखवत नाहीत, ऐकवतात. मुलगी आत स्वयंपाकघरात मसाला कुटते, आणि होणारी सासू कसलं तरी निमित्त काढून बाहेर कान देऊन बसते. ठोका हलका आणि सारखा पडला तर मुलगी घर सांभाळणारी. जड पडला तर तापट. मध्येच थांबला तर आळशी. आणि ज्या घरातून ठोकाच येत नाही, तिथं एक तर मुलगी नाही, किंवा आहे ती झाकून ठेवण्यासारखी आहे.

"यंत्र घेतलं आणि पोरगी घरात बसली, तर तौके, तुम्ही करून घ्याल का सून?" एकीनं आपल्या तौकेला, म्हणजे दुकानाच्या शेठला, तोंडावर विचारलं होतं. बून लियाटला मुलगा नव्हता, म्हणून तो वाचला.

मुलगी मात्र होती. सिओक. एकोणीस वर्षांची, एकुलती एक. लहानपणी ती चौकातल्या जिन्यावरून पडली आणि हाडवैद्यानं तिचं उजवं मनगट वाकडं बसवलं. त्या हातानं ती भरतकाम करायची, स्वयंपाक तर असा करायची की शेजारणी वाटी घेऊन मागच्या दाराशी उभ्या राहायच्या. पण कुटायला बसली की ठोका लंगडायचा. तोक... तोकतोक... आणि मग बराच वेळ काही नाही... तोक. एखादा लंगडा म्हातारा थांबत थांबत जिना चढतोय असं वाटायचं. तीन बायका ऐकून गेल्या होत्या. पहिलीनं जाताना काडेपेटी घेतली, दुसरीनं दोऱ्याचं रीळ. तिसरी काहीच न घेता गेली, आणि त्या दिवशी बून लियाट जेवला नाही.

सिओक त्यावर चिडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती डावीकडची वाटी उजवीकडे ठेवायची, आणि ते बघून बाप उठून दुकानात जायचा.

अशात निरोप आला की देवळामागच्या मोठ्या घरच्या चिया बीबिकना उंदराचा सापळा हवा आहे, आणि तो निवडायला त्या स्वतः येणार आहेत. चिया बीबिकच्या घरात चार नोकर. सापळा आणायला त्या स्वतः कशाला येतात, हे गल्लीतल्या कोंबड्यांनाही कळलं. त्यांचा धाकटा मुलगा एंग हो बोटीच्या कचेरीत कारकून होता आणि लग्नाचा होता. शिवाय थोरली सून त्यांनी अशी निवडली होती, की ती कुटायला लागली म्हणजे रस्त्यावरचे लोक पाय थांबवून ऐकत.

"हे काही जमायचं नाही," बून लियाटची बायको क्वाय म्हणाली. "त्या कानांना आपल्या पोरीचा ठोका? मीच जाऊन सांगते, सापळे संपले म्हणून."

"माझ्या दुकानात सापळे संपले?" बून लियाट उखडला. "लग्न मोडलं तर मोडलं, पण दुकानाची अब्रू घालवू नकोस."

तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यातल्या चरकावर गेली. कपडे पिळायचा लोखंडी चरक होता तो. बोटीतून येतानाच त्याच्या चाकाचा एक दात मोडला होता. दांडा फिरवला की दर फेऱ्याला लाकडी रूळ वर उचलला जायचा आणि धप्पकन खाली पडायचा. गिऱ्हाइकाला दाखवताना ते धप्प ऐकून तो शरमेनं मरायचा. आज मात्र ते आठवून त्याचा चेहरा उजळला. क्वायनं तो चेहरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. असाच चेहरा बर्फावरच्या जोड्यांच्या वेळीही झाला होता.

संध्याकाळपर्यंत चरक स्वयंपाकघरात. रुळाला दगडी बत्ता दोरीनं बांधलेला, खाली खल. दांडा फिरवला. तोक. तोक. तोक. तोक. एकसारखा, हलका, गोड. ऐकून कुणीही सून करून घ्यावी.

"आणि सासरी गेल्यावर?" क्वायनं विचारलं.

"लग्न झाल्यावर कोण ऐकतंय!"

"तुम्ही ऐकत नाही म्हणून जगात कुणीच ऐकत नाही, असं नाही."

सिओक चुलीपाशी उभी होती. "बा, फसवून लग्न नको मला."

"यात फसवणं कसलं? शिडाऐवजी वाफेवर बोट आली, तर सिंगापूरला फसवलं असं कुणी म्हणतं का?"

"आगबोट निदान सिंगापूरला पोचते. तुमचं हे यंत्र काय कुटतंय?"

खलात काहीच नव्हतं. मिरची टाकली की बत्ता ती उडवून थेट क्वायच्या डोळ्यांत मारायचा, म्हणून खल रिकामाच ठेवायचं ठरलं होतं. बून लियाट या क्षुल्लक प्रश्नाकडे पाठ करून दोरीची गाठ आवळू लागला. "मी फिरवणार नाही," एवढंच म्हणून सिओक माडीवर निघून गेली. मग दांड्यावर क्वायला बसवायचं ठरलं. नवऱ्याच्या यंत्रांबद्दल तिचं मत गावाला ठाऊक होतं, पण मुलीचं लग्न म्हटल्यावर कुठली आई मागं हटते?

चिया बीबिक आल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच. जाडजूड, गोऱ्या, अंबाड्यात सोन्याच्या काड्या. खुर्चीत बसल्या, पंखा उघडला आणि म्हणाल्या, "दाखवा सापळे."

आतून सुरू झालं. तोक. तोक. तोक. तोक.

बून लियाटनं सापळे मांडले. पिंजऱ्याचे, फासाचे, एका दाराचे, दोन दारांचे. बीबिक एकेक सापळा हातात घेत, बोटानं खटका दाबत आणि कान मात्र आत लावत. "हा फार कडक आहे," त्या म्हणाल्या. दुसरा घेतला. "हा ढिला." तोक. तोक. बून लियाट मनात लग्नाच्या पंगती मांडत होता. तोंडानं तो उंदरांच्या स्वभावाविषयी काहीबाही सांगत होता.

"आज बेत काय घरी?" बीबिकनी पंख्याआडून विचारलं.

"लक्सा. पोरीला भारी हौस. हातचं काम सोडायची म्हणून नाही."

"दिसतंय खरं." बीबिकनी आणखी थोडा वेळ ऐकलं. "तौके, एक विचारू? इतका वेळ कुटतेय, पण अजून हळद पडलेली दिसत नाही. कांदाही नाही पडला. कांदा पडला की आवाज ओला होतो. हिचा नुसता दगडावर दगड वाजतोय."

"क... कोरडा मसाला आहे."

"आणि दम म्हणून घेत नाही. खल निपटायला हात घालत नाही. खाकरली नाही, शिंकली नाही. मला सून हवी आहे हो, पाणचक्की नको."

आपल्या पोरीला पाणचक्की म्हटलेलं क्वायनं आतून ऐकलं आणि रागाच्या भरात दांडा गरागरा फिरवला. तोकतोकतोकतोक! काडकन आवाज झाला. चरकाचे उरलेसुरले दात गेले, रूळ निखळला आणि घरंगळत निघाला. चौक ओलांडून, उंबऱ्यावर उडी मारून, मागं दोरीला बांधलेला बत्ता ठणाठण आपटत, तो दुकानात शिरला. पलंगाच्या पायाला धडकून वळला आणि थेट चिया बीबिकच्या मोत्यांच्या सपातांपाशी येऊन थांबला.

बीबिकनी दोन्ही पाय वर घेतले. रुळाकडे पाहिलं, बत्त्याकडे पाहिलं.

"तौके," त्या म्हणाल्या, "तुमची लेक बाहेर आली वाटतं."

बून लियाटला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पलंग-सापळ्यांसकट पोटात घ्यावं. ही चौथी. आता पाचवी कोण येणार? ही गोष्ट दुपारपर्यंत नदीपार जाईल आणि सिओकच्या नावामागं जन्मभर चरक लागेल. माझ्याच हौसेनं माझ्या पोरीचं वाटोळं झालं, असं त्याला वाटलं, आणि गिऱ्हाइकासमोर तो मटकन बिस्किटांच्या डब्यावर बसला.

आत जिना वाजला. कुणीतरी खाली आलं. थोडी कुजबुज. क्वायचं "नको गं" असं रडवेलं पुटपुटणं. आणि मग दुसऱ्या बत्त्याचा आवाज सुरू झाला.

तोक... तोकतोक... ... तोक.

"बंद कर म्हणावं," बून लियाट कळवळून म्हणाला. "बीबिक, मनगट वाकडं आहे तिचं. लहानपणी पडली. तुम्ही जा. सापळा असाच न्या."

"गप्प बसा," बीबिक म्हणाल्या. त्यांनी पंखा मिटला आणि डोळेही मिटले. "ऐकू द्या. कुलिंजन आधी... बरोबर. आता गवती चहाचे दांडे. बारीक चिरून घेतलेत, म्हणून चरचरत नाहीत. हळद. आता मिरच्या... बिया काढल्यात हिनं, नाहीतर तडतडल्या असत्या. कांदा सगळ्यात शेवटी, तेही थोडा थोडा." त्यांनी डोळे उघडले. "हात थांबतो तिचा, पण जिन्नस चुकत नाही. झालं की आणा इकडे. चाखते."

क्वाय दारात आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "असा रिवाज नाही, बीबिक. मुलगी फक्त ऐकतात."

"रिवाजानं आणली की एक!" चिया बीबिक अशा कडाडल्या की शिवणयंत्रावरचा झाकणाचा कपडाही हलला असेल. "थोरली. काय तो ठोका, काय तो ताल! कानांना भुलले. लग्नानंतर पहिल्या दिवशी तिचा मसाला तोंडात घातला. आमच्या मांजरानं त्या दिवसापासून घर सोडलं, ते आलं नाही. म्हणून तर खरोखरच उंदीर झालेत. सकाळी ऊन तापेपर्यंत ती कुटते, रस्त्यावरचे वाहवा करतात आणि आम्ही घरातले भातावर मीठ घालून खातो. माझी मनगटं धरलीत आता, नाहीतर कशाला गेले असते कुणाच्या दारात? आणा तुम्ही."

मसाला आला, त्यात भाजलेलं बेलाचान, म्हणजे कोलंबीच्या सुकटीचा गोळा, कालवलेलं, वर लिंबू पिळलेलं, बाजूला काकडीच्या फोडी. बीबिकनी एक फोड बुडवून खाल्ली. दुसरी खाल्ली. कपाळावर घाम आला, तो पुसला आणि तिसरी खाल्ली. बून लियाट त्यांच्या जबड्याकडे बघत होता. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे इतक्या आशेनं तो जन्मात कधी पाहत बसला नव्हता.

"थोडा भात असेल तर बघा," बीबिक अखेर म्हणाल्या.

दोन वाट्या भात संपल्यावर त्यांनी बोटं धुतली आणि व्यवहाराला आल्या. मुलगी पसंत. आंदणात दुसरं काही नको, ते वाटणाचं यंत्र मात्र हवं. पोरीच्या हाताला रोज त्रास कशाला? "आणि तो चरकही दुरुस्त करून पाठवा," त्या म्हणाल्या. "म्हणजे होता तसाच बिघडलेला, एक दात मोडलेला."

"चरक कशाला?"

"थोरलीला. तिला वाजवायचीच हौस आहे. बसू दे दारापाशी वाजवत. रस्ता खूश, आणि माझ्या मसाल्याला तिचा हात नको."

बून लियाटनं होकार द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या नक्षीच्या लाकडी पडद्याआडून कुजबुज झाली. क्वाय आत गेली आणि पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आली.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय..." क्वायनं एकदा पडद्याकडे पाहिलं. "म्हणतेय, त्यांनी माझं कुटणं ऐकलं, चाखलंही. मुलाचं कुणी काय ऐकलंय? त्याला दुकानात पाठवा म्हणतेय. पडद्याआडून ऐकते आणि मग सांगते."

बून लियाटनं डोक्याला हात लावला. तीन नकार पचवलेली मुलगी, एक होकार हातात आलेला, आणि ही म्हणते मी आधी ऐकते! "बीबिक, पोर आहे ती, मी समजावतो तिला," असं तो गडबडीनं म्हणू लागला.

चिया बीबिकनी पडद्याकडे पाहिलं. "मला आणलं तेव्हा मी विचारलं असतं तर," त्या म्हणाल्या. सापळा उचलून उठल्या. "उद्या पाठवते. सापळा बदलून घ्यायला."

दुसऱ्या दिवशी एंग हो आला. उंच, हडकुळा, कडक इस्त्रीचा कोट, आणि हातात रुमालानं झाकलेला सापळा. पडद्यामागं मायलेकी बसल्या होत्या. बून लियाटची गंमत अशी झाली होती, की काल तो मुलीच्या काळजीनं मरत होता आणि आज या पोराच्या. देवा, याच्या तोंडून काही बरं येऊ दे, असं तो मनात घोकत होता.

"आईनं हा बदलून आणायला सांगितलाय," एंग हो म्हणाला.

"का? बिघडला?"

"नाही हो. फार चांगला आहे. रात्रीच उंदीर सापडला."

"मग बदलायचा कशाला?"

"मीही तेच विचारलं. आई म्हणाली, घरात जास्त बोलू नकोस, जा, आणि दुकानात मात्र बोल." तो थांबला. "काय बोलायचं ते तिनं सांगितलं नाही."

बून लियाटनं मनातल्या मनात कपाळ बडवलं. मग रुमाल उचलला आणि दचकून मागं सरला. आत उंदीर होता, जिवंत. त्याच्यापुढं बिस्किटाचा तुकडाही होता.

"अरे, हा आतच आहे!"

"बुडवायला सांगितलं होतं," एंग हो ओशाळून म्हणाला. "वहिनीनं बादलीही भरून ठेवली. पण तो दोन्ही हातांनी तोंड पुसत बसला होता. तोंड पुसणाऱ्याला कसं बुडवायचं, तौके? म्हटलं, येताना नदीकाठी सोडू."

"मग का नाही सोडलास?"

"नदीकाठी मांजरं होती."

पडद्यामागं कुणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज झाला. एंग होचे कान लाल झाले, पण त्याला बोलायला सांगितलं होतं, म्हणून तो बोलत राहिला. "तुमच्याकडे इतक्या तऱ्हेची यंत्रं आहेत. मला वाटलं, उंदीर नुसता ठेवायचंही एखादं असेल. दांडा नसलेलं."

आता मात्र पदराचं काही चाललं नाही. पडद्यामागून हसू फुटलं, मोठ्यानं, खळखळून. बून लियाटनं आधी गल्लीकडे पाहिलं. इतकी वर्षं लग्नाच्या मुलीचा आवाज दुकानात ऐकू येऊ नये म्हणून तो दोन दारं लावून घेत आला होता. आणि या घरात सिओक शेवटची कधी अशी हसली होती, हेही त्याला आठवेना.

मग हसू थांबलं, आणि पडद्याआडून, गल्लीतही ऐकू जाईल अशा आवाजात, सिओक म्हणाली, "बा, त्यांना खुर्ची द्या. कॉफी घेतात का, विचारा."

क्वायच्या हातून आत काहीतरी पडलं. बून लियाटनं खुर्ची ओढली आणि ती स्वच्छ असतानाही बाहीनं पुसू लागला. डोळे भरून आल्यामुळं त्याला काही नीट दिसत नव्हतं. साखर किती, हे विचारायचं त्याच्या लक्षात आलं, पण तेही तोवर आतून विचारून झालं होतं.